हिशोब एकीकडे, पान दुसरीकडे: वेब अ‍ॅपमध्ये नियम आणि मांडणी वेगळी का ठेवायची

सोयाबीनची एक गाडी शेतकरी उत्पादक कंपनीच्या काट्यावर येते. वजन होतं, मॉइश्चर मीटरमध्ये मूठभर दाणे टाकून ओलावा पाहिला जातो, आणि मग त्या एका गाडीचा हिशोब किमान तीन ठिकाणी उमटतो. शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडणाऱ्या पानावर, काट्याजवळच्या छोट्या प्रिंटरमधून निघणाऱ्या पावतीवर आणि एसएमएसमध्ये. वर्षाच्या शेवटी तोच हिशोब चौथ्यांदा ऑडिटरसाठी एक्सेलमध्ये जातो. यवतमाळ-वाशीमकडच्या अशा खरेदीच्या कामासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे वेब अ‍ॅप शिकणारी आमच्याकडची मुलं-मुली भेटली की मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारतो: ओलाव्याची कपात किती, हे ठरवणारा कोड तुम्ही कुठे लिहाल?

बहुतेकांचं उत्तर असतं, ‘जिथे कपात दाखवायची आहे तिथे.’ उत्तर सरळ वाटतं, पण त्यातून काय होतं ते एका गाडीवर करून पाहू.

समजा कंपनीच्या संचालकांनी नियम ठरवला: १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर कपात नाही. त्यापेक्षा जितका टक्का जास्त, तितके टक्के वजन कमी धरायचं. गाडीत माल २३.४० क्विंटल, ओलावा १४.६ टक्के, भाव ४,२०० रुपये क्विंटल. म्हणजे जास्तीचा ओलावा २.६ टक्के.

आता मोबाइलचं पान ज्याने लिहिलं त्याने २.६ चा जवळचा पूर्णांक घेतला: ३ टक्के. पावतीचा कोड लिहिणाऱ्याने दशांश सोडून दिला: २ टक्के. एसएमएस लिहिणाऱ्याने काहीच केलं नाही, त्याचे २.६ च राहिले. तिघांनीही नियमच पाळला, कारण तुटक टक्क्याचं काय करायचं हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या पानात, आपल्या समजुतीने ते ठरवून टाकलं. मोबाइलवरची कपात ७० किलो २०० ग्रॅम, पावतीवरची ४६ किलो ८०० ग्रॅम. फरक २३ किलो ४०० ग्रॅमचा, पैशांत ९८२ रुपये ८० पैसे.

शेतकरी खिडकीशी येऊन विचारतो, “भाऊ, मोबाइलात तीन टक्के कपात दाखवून रायला, अन् कागदावर दोन. मंग खरं कोनतं?”

खिडकीतल्या माणसाकडे याचं उत्तर नसतं. दोन्ही आकडे संगणकानेच दिलेले असतात. इथे पैशांइतकाच विश्वासही जातो, आणि तो परत मिळवायला एक हंगाम पुरत नाही. म्हणून हा विषय मला नुसता कोड नीटनेटका ठेवण्याचा वाटत नाही.

पानात गणित शिरतं कसं

मोबाइलवर आपण एखादा पत्ता उघडतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो. सर्व्हरवर एक प्रोग्राम चालतो, डेटाबेसमधून नोंदी काढतो, त्यावर आकडेमोड करतो, आणि शेवटी एचटीएमएल तयार करून परत पाठवतो. एचटीएमएल म्हणजे साधा मजकूरच. कोणता भाग शीर्षक, कोणता तक्ता, कोणतं बटण, याच्या खुणा त्यात घातलेल्या असतात. रंग, अक्षराचा आकार, रुंदी ही बाजू सीएसएस सांभाळतं.

सर्व्हरवरचा प्रोग्राम शेवटी मजकूरच जुळवतो, तर मजकुराच्या मधेच प्रोग्राम का लिहू नये? १९९५ साली रॅस्मस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची पहिली साधनं सगळ्यांसाठी खुली केली, त्यांतून वाढलेल्या या प्रोग्रामिंग भाषेची मोठी ताकद हीच होती. एचटीएमएलच्या पानात हवं तिथे प्रोग्रामचा तुकडा घाला, सर्व्हर तो चालवतो आणि त्या जागी उत्तर ठेवतो. मायक्रोसॉफ्टचं एएसपी आणि जावाचं जेएसपी याच वाटेने आले. या सोयीमुळे असंख्य माणसं वेब प्रोग्रामिंग शिकली. तालुक्याच्या गावी कोणत्याही महागड्या कोर्सशिवाय एखादा मुलगा चार दिवसांत चालतं पान उभं करू शकतो, ते यामुळेच. ही सोय वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

पण मग पानातली एक ओळ अशी दिसू लागते:

नाव, वजन, जर ओलावा > १२ तर (वजन − वजन × (ओलावा − १२) ÷ १००) × भाव, नाहीतर वजन × भाव

ही ओळ तक्त्याच्या खुणांमध्ये अडकलेली असते. तिच्या वरच्या ओळीत रंग, खालच्या ओळीत बटण, मधे संचालकांचा निर्णय. उद्या पावती छापायची तर तोच निर्णय पावतीच्या पानात पुन्हा लिहावा लागतो, कारण मोबाइलच्या पानातून तो सुटा काढून आणता येत नाही. एका निर्णयाच्या दोन नकला झाल्या, की पुढेमागे त्या वेगळ्या होणारच.

नियम वेगळा काढला की पानातली ओळ एवढीच उरते:

नाव, वजन, कपात, देय रक्कम

कपात कशी आली, १२ कुठून आले, तुटक टक्का कसा धरला, यातलं पानाला काही ठाऊक नसतं. ते सगळं एका वेगळ्या फाइलमधल्या एका फंक्शनमध्ये असतं. त्याला वजन, ओलावा आणि भाव द्या; ते कपात आणि रक्कम परत देईल. मोबाइलचं पान, पावती, एसएमएस, एक्सेल, सगळे त्यालाच विचारतात. आमच्या गाडीला ते चारही ठिकाणी एकच उत्तर देईल: कपात ६० किलो ८४० ग्रॅम, रक्कम ९५,७२४ रुपये ७२ पैसे. आणि उद्या संचालक म्हणाले की तुटक टक्का सोडून द्या, शेतकऱ्याच्या बाजूने धरा, तर एका जागी बदल होतो आणि चारही ठिकाणी दिसतो.

हा विचार वेबपेक्षा जुना आहे. ट्रिग्वे रेन्सकॉग हे नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून होते. तिथे त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी मांडली. मॉडेल म्हणजे कामाची माहिती आणि तिचे नियम, व्ह्यू म्हणजे ती दाखवण्याची रीत, आणि वापरणाऱ्याने काय केलं ते ऐकून पुढे कळवणारा कंट्रोलर. आजच्या बहुतेक वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबची कामं उभारायच्या तयार सांगाड्यांमध्ये, हीच नावं थोड्याफार फरकाने सापडतात. जॅंगो या फ्रेमवर्कमध्ये ज्याला व्ह्यू म्हणतात ते काम इतर ठिकाणी कंट्रोलरचं मानलं जातं, आणि दाखवण्याचं काम तिथे टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, करतं. नवशिक्यांचा इथे फार गोंधळ होतो. नावं पाठ करत बसू नका. नियम कुठे आणि मांडणी कुठे एवढं कळलं तरी काम भागतं.

सीएसएसची कथाही याच जातीची. सुरुवातीच्या वेबमध्ये रंग आणि फॉन्ट पानाच्या मजकुरातच, शब्दाशब्दाला लिहिले जात. होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत असताना सुचवलं की दिसण्याचे नियम वेगळे ठेवावेत. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून आली. मजकूर आणि त्याचं रूप वेगळं झालं ते तिथे. आपण इथे बोलतोय ती फारकत तिच्या एक पायरी मागची आहे: मजकूर तयार करणारी मांडणी आणि त्यातले आकडे ठरवणारा नियम यांच्यातली.

पानात ‘जर’ लिहायचाच नाही का?

इथे बरेच लेख घाई करतात. ‘टेम्प्लेटमध्ये लॉजिक नको’ असं एक वाक्य सांगून मोकळे होतात. मग शिकणारा पानात पहिला ‘जर’ लिहितो आणि आपण काही तरी चुकीचं करतोय असं त्याला वाटू लागतं. खरा प्रश्न ‘जर’ असण्या-नसण्याचा नाहीच. तो ‘जर’ कोणाच्या निर्णयाचा आहे, हे पाहायचं.

खरेदीच्या यादीत आज एकही नोंद नसेल तर रिकामा तक्ता दाखवण्याऐवजी ‘आज अजून खरेदी झालेली नाही’ असं दाखवायचं. हा ‘जर’ पानाचाच आहे, तो खुशाल पानात राहू द्या. एकाआड एक ओळ फिकट रंगात दाखवायची, पंचवीस नोंदींनंतर पुढचं पान सुरू करायचं, छोट्या स्क्रीनवर भावाचा रकाना लपवायचा, हेही पानाचंच. यातलं काहीही बदललं तरी कोणाच्या खात्यात एक पैसाही कमी-जास्त होत नाही.

आता दुसरा ‘जर’ पाहा. ओलावा १२ च्या वर असेल तर आकडा लाल रंगात दाखवा. रंगाचा विषय, म्हणजे पानाचा, असं वाटतं. पण त्यात १२ आहे, आणि १२ हा संचालकांचा आकडा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या खरिपाच्या हंगामासाठी हमीभावाच्या सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली चालले होते, त्यामुळे या तीन टक्क्यांकडे सगळ्यांचं लक्ष होतं. अशा वेळी नियमाच्या फाइलमध्ये १२ चे १५ होतात, हिशोब बरोबर येतो, आणि पान मात्र १३ टक्क्यांच्या मालाला अजून लालच दाखवत राहतं. कपात शून्य, पण आकडा लाल. शेतकऱ्याला वाटतं आपला माल नाकारला.

म्हणून पानाने १२ शी तुलना करायचीच नाही. नियमाच्या फाइलने पानाला तयार उत्तर द्यायचं: ‘मर्यादेबाहेर: होय’ किंवा ‘मर्यादेबाहेर: नाही’. होय असेल तर लाल करायचं, ठळक करायचं की बाजूला खूण घालायची, हे पान ठरवेल.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातले टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न नेमकेपणाने मांडला. फारकत झाली असं कधी म्हणायचं, यासाठी त्यांनी पाच बंधनं सांगितली. पानाने माहितीत बदल करू नये. आलेल्या आकड्यांवर गणित करू नये. त्यांची तुलना करू नये. ते कोणत्या प्रकारचे आहेत याबद्दल मनाने काही गृहीत धरू नये. आणि पाचवं, माहितीच्या बाजूने येणाऱ्या गोष्टीत मांडणीचा अंशही असू नये. रोजच्या कामात ही बंधनं शंभर टक्के पाळणं जड जातं, आणि बहुतेक टेम्प्लेट भाषा तुलनेला मोकळीक देतात. तरी मला ही यादी उपयोगी वाटते. पान लिहून झालं की तिच्याशी ताडून पाहावं. जिथे बंधन मोडलंय तिथे थांबून विचारावं, हा निर्णय खरंच पानाचा आहे का?

उलटी गळतीही असते

पाचव्या बंधनाकडे कमी लोक पाहतात. नियम पानात शिरतो हे सगळे सांगतात; पान नियमात शिरतं तेही तितकंच त्रासाचं.

समजा रक्कम काढणारं फंक्शन नुसती संख्या न देता रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम लावून मजकूर देतं: ‘₹ १,०५,०००’. पानाचं काम सोपं झालं असं वाटतं. मग अकाउंटंट म्हणतो, सर्वांत मोठी रक्कम वर दिसू द्या. उतरत्या क्रमाने लावलं की ‘₹ ९,८००’ वर येतं आणि एक लाख पाच हजार खाली जातं. मजकूर म्हणून पाहिलं तर ९ हे अक्षर १ च्या नंतरचं, त्यामुळे संगणकाच्या लेखी तेच मोठं. एक्सेलमध्ये तो रकाना दिला तर बेरीज शून्य येते, कारण चिन्हासकट आलेला तो मजकूर एक्सेल आकडा मानत नाही. एसएमएसमध्ये रुपयाचं चिन्ह नको असेल तर ते पुसायला वेगळा कोड. आणि कोणी ‘कपात’ हा शब्द लाल रंगाच्या खुणांसकट परत दिला असेल, तर त्या खुणा थेट पावतीवर छापल्या जातात.

संख्या संख्या म्हणूनच फिरू द्यावी. वजन किलोत किंवा ग्रॅममध्ये, पैसे पैशांत, तारीख ठरावीक नमुन्यात. देवनागरी अंक हवेत की इंग्रजी, स्वल्पविराम लाखाच्या हिशोबाने लावायचा, ‘२३.४० क्विंटल’ लिहायचं की ‘२३ क्विंटल ४० किलो’, हे अगदी शेवटी, दाखवतानाच ठरवायचं. आमच्याकडे अनेक वयस्क शेतकऱ्यांना दशांश चिन्हापेक्षा क्विंटल आणि किलो वेगळे लिहिलेले पटकन समजतात. तो बदल पानात एका जागी करता यावा, त्यासाठी हिशोबाची फाइल उघडायची गरज पडू नये.

एसएमएसचंच घ्या. इंग्रजी अक्षरांचा साधा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीत मात्र ७० अक्षरांचाच. त्यापुढे गेलं की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणून एसएमएसच्या साच्यात शब्द काटकसरीने लिहावे लागतात: तारीख, निव्वळ वजन, रक्कम, बस. पावतीचा कागद ५८ मिलिमीटर रुंद, तिथे चार रकान्यांचा तक्ता मावत नाही. एकाखाली एक ओळी घ्याव्या लागतात. मोबाइलच्या पानावर भरपूर जागा आहे, तिथे कपात कशी आली तेही मांडून दाखवता येतं, आणि माझ्या मते दाखवायलाच हवं. हिशोब एकच, त्याचे चेहरे तीन. प्रत्येक चेहऱ्याची अडचण निराळी आणि ती ज्याची त्यानेच सोडवलेली बरी.

शेतकऱ्याचं नाव, दुकानाचं नाव, शेरा हा लोकांनी टाइप केलेला मजकूर असतो. त्यात कोणी मुद्दाम जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतल्या कोडचा, तुकडा घातला आणि पानाने तो जसाच्या तसा उमटवला, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो तुकडा चालतो. हा वेबवरचा जुना आणि अजूनही नेहमी दिसणारा हल्ला आहे. उपाय माहीत असतो: एचटीएमएलमध्ये ज्या चिन्हांना खास अर्थ आहे ती निरुपद्रवी रूपात बदलून लिहायची. पण हे कधी करायचं? काही जण नोंद साठवतानाच करून टाकतात. मग एखाद्या दुकानाच्या नावातलं ‘&’ डेटाबेसमध्येच पाच अक्षरांचा तुकडा होऊन बसतं आणि एसएमएसमध्ये व पावतीवर तसंच उमटतं. हे बदलणं एचटीएमएलची गरज आहे, माहितीची नाही. म्हणून ते पान तयार होतानाच व्हायला हवं. जॅंगोने २००८ च्या पहिल्या मोठ्या आवृत्तीपासून टेम्प्लेटमध्ये हे आपोआप होईल अशी सोय केली. आज बहुतेक टेम्प्लेट भाषांत ती असते. ती बंद करू नका.

जुनी पावती पुन्हा छापताना

ही फारकत खरी कामाला येते ती नियम बदलल्यानंतर. ऑक्टोबरमध्ये १२ च्या मर्यादेने झालेल्या खरेदीची पावती शेतकऱ्याकडून हरवली. पीककर्जाच्या कागदांसाठी त्याला ती डिसेंबरमध्ये पुन्हा हवी आहे. मधल्या काळात कंपनीने आपली मर्यादा १५ केली. पावतीचं पान स्वतः गणित करत असेल, तर डिसेंबरमध्ये छापलेल्या पावतीवर वेगळी रक्कम येईल. बँकेत जमा झालेली एक, कागदावरची दुसरी. माणूस खरा असूनही कागद त्याला खोटं पाडेल.

यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात आणि दोन्ही पानाच्या बाहेरच्या. पहिली, नियमाला तारीख असली पाहिजे: अमुक दिवसापासून मर्यादा १२, अमुक दिवसापासून १५, तुटक टक्का असा धरायचा. दुसरी, खरेदी पूर्ण झाली की निघालेली कपात आणि रक्कम, आणि ती कोणत्या नियमाने निघाली, हे नोंदीतच साठवायचं. पान फक्त ते वाचून मांडतं. काट्याच्या आकड्याला आपण कोणत्या रंगाच्या पावतीवर छापले जाणार हे माहीत नसतं आणि पावती कितीदाही छापली तरी काटा पुन्हा हलत नाही, तसं हे.

तपासणीही यामुळे सोपी होते. कपातीचं फंक्शन सुटं असेल तर ब्राउझर न उघडता त्याला विचारता येतं: ओलावा १२.० असेल तर किती? १२.१ असेल तर? १५ असेल तर? मीटर बिघडून ओलावा शून्य आला तर? असे दहा-पंधरा प्रश्न एका छोट्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवले की नियम बदलल्यावर ते काही क्षणांत पुन्हा चालवता येतात. गणित पानात असेल तर प्रत्येक वेळी लॉगिन करा, खोटी खरेदी नोंदवा, पान उघडा, आकडा डोळ्याने पाहा. हंगामाच्या गर्दीत ते कोणी करत नाही.

आणि कामाची वाटणी करता येते. आमच्या भागात एचटीएमएल-सीएसएस चांगलं येणारी, पण प्रोग्रामिंगमध्ये अजून फार न उतरलेली मुलं-मुली भरपूर आहेत. कंपनीच्या कार्यालयातल्या ताईंना तर शेतकऱ्यांची भाषा आपल्यापेक्षा चांगली कळते. ‘निव्वळ देय’ लिहिलं तर चार जण विचारायला येतात, ‘हाती येणारी रक्कम’ लिहिलं तर कोणी येत नाही, हे त्या सांगतात. पान स्वच्छ असेल तर असा शब्द त्या स्वतः बदलू शकतात. पानात गणित मिसळलेलं असेल तर एक कंस चुकून पुसला जाईल या भीतीने त्यांना कोणी हात लावू देत नाही, आणि बरा शब्द तसाच राहून जातो. जॅंगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्रात झाला, आणि त्याची टेम्प्लेट भाषा मुद्दाम मर्यादित ठेवली गेली, ती याच विचाराने: पान मांडणाऱ्या माणसाला प्रोग्रामर असावं लागू नये.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचं काय?

मे २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुलं केलं तेव्हा पुष्कळ लोक बिचकले. पानं उभारायच्या जावास्क्रिप्टच्या या साधनात एचटीएमएलसारख्या खुणा आणि जावास्क्रिप्ट एकाच फाइलमध्ये लिहितात. इतकी वर्षं वेगळं करा म्हणून सांगितलं आणि आता पुन्हा एकत्र? पण दोन भाषा दोन फाइलींत ठेवल्या म्हणजे फारकत झाली असं नसतं. यादी कशी उघडते-मिटते, बटण कधी दबत नाही, हे दाखवण्याचंच लॉजिक आहे; ते खुणांच्या शेजारी राहिलेलं चांगलंच. ओलाव्याची कपात मात्र त्या फाइलमध्येही नको.

अडचण येते ती फॉर्ममध्ये. काट्यावरचा माणूस ओलावा टाइप करतो तेव्हा लगेच अंदाजे रक्कम दिसावी असं त्याला वाटतं, आणि ते रास्त आहे. पण म्हणून नियमाची दुसरी प्रत जावास्क्रिप्टमध्ये लिहिली तर पुन्हा तीच कहाणी. नेटवर्क बरं असेल तर ब्राउझरने सर्व्हरला विचारावं आणि आलेलं उत्तर दाखवावं. ओलावा १४६ टाइप झाला तर तिथल्या तिथे अडवणं ही सोय म्हणून ठीक, पण सर्व्हरने ती तपासणी पुन्हा करायलाच हवी. ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते.

आता आमच्याकडची खरी गोष्ट. गोदाम गावाबाहेर, पत्र्याची शेड, आणि दुपारी नेटवर्क गायब. गाड्या रांगेत उभ्या असताना ‘सर्व्हरला विचारा’ हा सल्ला कामाचा नाही. तिथे टॅबलेटवरच हिशोब झाला पाहिजे, म्हणजे नियम दोन ठिकाणी असणं भाग आहे. अशा वेळी मी नियमातले आकडे कोडमधून काढून माहिती म्हणून ठेवतो: मर्यादा, दर टक्का कपात, तुटक टक्का कसा धरायचा, कोणत्या तारखेपासून. नेटवर्क असेल तेव्हा टॅबलेट ती यादी सर्व्हरकडून उतरवून घेतो, आणि प्रत्येक खरेदीसोबत कोणती यादी वापरली ते लिहून ठेवतो. नेटवर्क परत आलं की सर्व्हर त्याच यादीने हिशोब पुन्हा करून पाहतो. फरक निघाला तर नोंद बाजूला काढून अकाउंटंटला दाखवतो, गुपचूप बदलत नाही. हिशोबाचं सूत्र जर दोन्हीकडे एकाच भाषेत लिहिता आलं, म्हणजे सर्व्हरवरही जावास्क्रिप्टच असेल, तर तीच फाइल दोन्हीकडे वापरता येते आणि डोक्याचा ताप बराच कमी होतो.

जुन्या कोडला हात कुठे घालायचा

सगळं पुन्हा लिहायला बसू नका, फ्रेमवर्क बदलायचीही गरज नाही. गावच्या पतसंस्थेची पाच पानांची माहिती देणारी साइट असेल तर तिला तर हे काहीच लागत नाही. तिथे नियमच नाहीत. जिथे पैसा, वजन, पात्रता किंवा तारीख ठरते तिथून सुरुवात करा.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं एक पान घ्या. त्या फाइलमधलं डेटाबेसचं आणि गणिताचं सगळं काम उचलून फाइलच्या वरच्या भागात आणा, खाली फक्त तयार उत्तरं मांडणाऱ्या ओळी राहू द्या. पान आधीसारखंच दिसलं पाहिजे, एक पैसाही बदलता कामा नये. जुन्या पंचवीस-तीस पावत्या घेऊन आकडे ताडून पाहा. ते जमलं की वरचा भाग वेगळ्या फाइलमध्ये हलवा. मग दुसरं पान घ्या आणि त्याला त्याच फाइलकडे वळवा. इथे आकडे जुळणार नाहीत अशी बरीच शक्यता आहे. ते जुळले नाहीत तर कोडमध्ये मनाने काही ठरवू नका. संचालकांकडे जा, दोन्ही आकडे समोर ठेवा, आणि तुटक टक्क्याचं काय करायचं ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

शेवटी पानांतली जुनी गणितं पुसून टाका. नुसती टिप्पणी करून, म्हणजे फाइलमध्येच पण चालणार नाहीत अशी खूण लावून, बंद ठेवली तर पुढच्या हंगामात घाईघाईत कोणीतरी त्यांपैकी एक पुन्हा चालू करतो.